खुंट्याला बांधून घेण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत फोन, फवारणी पंप, सौर पंप, सोसायटीचं जुनं दप्तर असे निरनिराळे विषय आहेत. सगळ्यांची तक्रार मात्र एकाच जागी येते : एकदा एका कंपनीची वस्तू घेतली की पुढचा प्रत्येक सुटा भाग, प्रत्येक दुरुस्ती तिच्याकडूनच करून घ्यावी लागते का?

ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि रोटाव्हेटर दुसरीचा असला तरी वावरात दोघं बिनतक्रार चालतात. मागच्या तीन सांध्यांची मापं ठरलेली आहेत, पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा, शाफ्ट ६ खाचांचा आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो, आणि ही मापं कोणा एकाच्या मालकीची नाहीत. खाली ज्या वस्तूंबद्दल विचारलं आहे त्या प्रत्येकीत हेच पाहायचं : सांधा सगळ्यांचा आहे की कंपनीचा स्वतःचा. सगळ्यांचा असेल तर परवडेल तो माल घ्या. कंपनीचा असेल तर बाहेर पडायचा खर्च घेतानाच किमतीत धरा.

प्रश्न : मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना आयफोन मला देतो म्हणतो. माझ्याकडे सहा वर्षांपासून अँड्रॉइड आहे. व्हॉट्सॲपवरचे सगळे संदेश, सातबारा-फेरफाराचे फोटो, नातवंडांचे व्हिडिओ त्यात आहेत. तालुक्याचा मोबाईलवाला म्हणतो, यातलं काहीच नव्या फोनात येणार नाही. खरं आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : बहुतेक सगळं येतं. पण क्रम चुकला तर खरंच येत नाही, आणि मोबाईलवाल्यानं पाहिलेले फोन बहुधा क्रम चुकलेलेच असणार.

अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप आपला बॅकअप गूगलच्या खात्यात ठेवतं, आयफोनवरचं आयक्लाउडमध्ये. या दोन कोठारांत ये-जा नाही. गूगलवरचा बॅकअप काल रात्रीचा असला तरी आयफोन तो उघडू शकत नाही. म्हणून सिम काढून आयफोनात घातलं, व्हॉट्सॲप सुरू केलं, ओटीपी टाकला, की समोर कोरं व्हॉट्सॲप येतं. संदेश एका फोनातून दुसऱ्यात थेट न्यावे लागतात, आणि तेही आयफोन कोरा असताना, पहिल्यांदा सुरू करतानाच.

फोन पाठवण्याआधी मुलाला एक काम सांगा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर त्याचं नाव दिसतं, तिथं जाऊन साइन आउट करायचं आणि मगच फोन पुसायचा. तसं झालं नाही तर ॲक्टिव्हेशन लॉक राहतो आणि फोन तुमच्या हातात आल्यावर मुलाचा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागतो.

आता अँड्रॉइडमध्ये व्हॉट्सॲप अद्ययावत करा आणि 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप घ्या. अँड्रॉइडची ५ किंवा पुढची आणि आयफोनची १५.५ किंवा पुढची आवृत्ती लागते. दोन्ही फोन चार्जरला लावा. आयफोन सुरू करताना डेटा कुठून आणायचा असं विचारणारा पडदा येतो, तिथं अँड्रॉइड निवडा. आयफोन आकड्यांचा एक संकेत दाखवेल, तो अँड्रॉइडवर टाका. घरी वाय-फाय नसलं तरी अडत नाही, दोन फोनांमधलं तात्पुरतं नेटवर्क आयफोन स्वतः उभं करतो. आयफोन पहिल्यांदा चालू करायला मात्र इंटरनेट लागतं, त्याला शेजारच्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. यादीतून व्हॉट्सॲप, फोटो, संपर्क निवडा. व्हॉट्सॲपवर खूण केली की ते आधी स्वतःची बांधाबांध करतं, ती पूर्ण होईपर्यंत थांबा. सगळं गेल्यावर आयफोनात व्हॉट्सॲप उतरवून त्याच जुन्या नंबरानं सुरू करा. नंबर बदलला तर संदेश दिसणार नाहीत.

बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी. पहिलं, जागा. अँड्रॉइडमध्ये ९० जीबी भरलेले आणि आयफोन ६४ जीबीचा असेल तर काम अर्ध्यात थांबतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' व्हिडिओ आधी काढून टाका, त्यातच बरीच जागा सुटते. दुसरं, मध्येच दुसरं ॲप उघडणं किंवा फोन घेणं. डेटा जास्त असेल तर दोन तासही लागतात, तेवढा वेळ अँड्रॉइडला हात लावू नका. तिसरं, काम झालं समजून जुना फोन लगेच पुसणं. पंधरा दिवस तरी तो तसाच राहू द्या.

व्हॉट्सॲपवरच्या कॉलची यादी आणि विकत घेतलेली ॲप येत नाहीत. यूपीआय नव्यानं जोडावं लागतं. त्यासाठी बँकेशी जोडलेलं सिम नव्या फोनात असावं आणि त्यातून एसएमएस जाण्याइतका रिचार्ज असावा. यूपीआय लाइटमध्ये शिल्लक असेल तर ती आधी खात्यात वळती करा. नव्या फोनावर सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा कमी असते, म्हणून बियाणं-खत आणायच्या आठवड्यात फोन बदलू नका.

पत्रात नाही, तरी एक गोष्ट विचारतो, कारण गावोगाव हीच अडचण मोठी आहे. तुमचं जीमेल खातं कोणी उघडलं? पुष्कळांचं खातं फोन विकणाऱ्यानं दुकानातच उघडून दिलेलं असतं आणि त्याला नंबर दुकानाचा जोडलेला असतो. तुमचे फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपचा बॅकअप त्या खात्यात असतो आणि पासवर्ड तुम्हाला ठाऊक नसतो. फोन पुसल्यावर तो जुनंच गूगल खातं मागतो, तेव्हा हे उघडकीला येतं आणि तोवर उशीर झालेला असतो. आज, जुना फोन चालू असतानाच, सेटिंग्जमध्ये गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन खातं परत मिळवण्यासाठीचा (रिकव्हरी) फोन नंबर स्वतःचा टाका, दुकानाचा काढा, नवा पासवर्ड ठरवून वहीत लिहून ठेवा. दोन वर्षं वापरात नसलेलं खातं गूगल बंद करू शकतं, हेही लक्षात असू द्या.

गूगल फोटोज आयफोनवरही चालतं, तेव्हा तिथले फोटो आहेत तिथंच राहतात. पण १ जून २०२१ पासून तिथं अमर्याद मोफत साठा नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, आणि २०२४ पासून अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो. आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबीच आहे. सातबारा-फेरफार फोटोंच्या ढिगात ठेवण्यापेक्षा पीडीएफ करून पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. पेनड्राइव्ह कोणत्याही कंपनीच्या संगणकात चालतो.

घ्यावा का? घरातले बाकीचे आयफोन वापरत असतील आणि अडचण आली की मुलगाच फोनवरून सांगणार असेल, तर घ्या. एकाच घरात एकाच पद्धतीचे फोन असण्याची सोय मोठी आहे, वयानुसार ती आणखी मोलाची होते. पडदा फुटला तर मात्र अस्सल भाग तालुक्याला सहज मिळत नाही, वर्धा किंवा नागपूर गाठावं लागतं. चार्जरही पाहा. आयफोन १४ पर्यंतच्या फोनना लाइटनिंग वायर लागते, १५ पासून टाइप-सी. उद्या परत अँड्रॉइडकडे यायचं झालं तर नवा फोन अँड्रॉइड १२ किंवा पुढचा लागेल आणि संदेश नेण्यासाठी दोन्ही फोनना जोडणारी वायर. जुन्या आयफोनसाठी ती एका टोकाला लाइटनिंग, दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी असते. ती वायर आताच मुलाकडून मागून ठेवा.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. तीन कंपन्यांचे लोक येऊन तीन क्यूआर चिकटवून गेले. तीनही ठेवले नाहीत तर गिऱ्हाईक परत जाईल का?
— एक दुकानदार, कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : नाही. एकच ठेवा. यूपीआयचा क्यूआर कोणत्याही यूपीआय ॲपनं वाचता येतो. कंपन्यांनी फक्त स्वतःच्या ॲपला चालणारे नवे क्यूआर काढू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं आहे. इथं सांधा सगळ्यांचा आहे. आवाज देणाऱ्या डब्याचं मात्र तसं नाही, तो ज्या कंपनीचा त्याच क्यूआरच्या पैशांची वर्दी देतो आणि त्याचं भाडं महिन्याला खात्यातून कापलं जाऊ शकतं. तीन डबे असतील तर तीन भाडी. ज्या क्यूआरचे पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात तो आणि त्याचा डबा ठेवा. बाकीचे डबे परत करताना कंपनीच्या माणसाकडून पोच घ्या आणि ॲपमधली आपोआप कापणीची मंजुरी स्वतः रद्द करा. नुसता डबा बंद करून फळीवर ठेवला तर भाडं चालूच राहतं.

प्रश्न : आमच्या सेवा सहकारी सोसायटीचे २००४ ते २०१८ चे ठराव, सभासद याद्या आणि नोटिसा संगणकात आहेत, काही कृतीदेवमध्ये, काही श्रीलिपीमध्ये. जुना संगणक गेला. नव्यावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. टायपिस्ट म्हणतो, तेच जुनं सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्या. दुसरा मार्ग आहे का?
— एक गटसचिव, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : आहे, आणि तो लवकर धरलेला बरा. दर वर्षी जुन्या फॉन्टची जाणकार माणसं आणि जुने संगणक कमी होत आहेत.

आधी अडचण कुठे आहे ते बघू. कृतीदेवमध्ये तुम्हाला पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये साठलेलं असतं इंग्रजी 'डी' हे अक्षर. फॉन्ट त्यावर 'क'चं चित्र चढवतो. फॉन्ट नसला की चित्र जातं आणि मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपीची सांकेतिक मांडणी आणखी वेगळी, सीडॅकच्या जुन्या फॉन्टची तिसरीच. प्रत्येकानं आपापला सांधा केला होता. युनिकोडमध्ये 'क'ला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून कोणत्याही युनिकोड फॉन्टमध्ये, फोनवर किंवा संगणकावर तो 'क'च राहतो.

म्हणून जुनं सॉफ्टवेअर पुन्हा घेण्यात पैसे घालू नका. मजकूरच युनिकोडमध्ये आणून घ्या.

मूळ फाइलींची पेनड्राइव्हवर एक प्रत काढा आणि तिला पुन्हा हात लावू नका. मग ज्या दुकानात किंवा कार्यालयात अजून तो फॉन्ट चालतो तिथं जाऊन प्रत्येक फाइलची पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे मूळ दस्तऐवज कसा दिसत होता याचा पुरावा राहतो आणि पुढं तपासणीला तोच उपयोगी पडतो. त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाही, ते गृहीत धरा.

नंतर फॉन्टचं नेमकं नाव टिपा. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला की फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं, फॉन्ट बसवलेला नसला तरी दिसतं. 'कृतीदेव' एवढं पुरत नाही, त्यापुढचा आकडाही लिहा. श्रीलिपीच्या नावातल्या चार आकड्यांचंही तसंच. चुकीचा आकडा निवडला तर रूपांतर नव्वद टक्के बरोबर दिसतं आणि उरलेले दहा टक्के कोणाच्या लक्षात येत नाहीत, हे जास्त धोक्याचं. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर मोफत मिळतात. पण सभासदांची नावं, खाते क्रमांक असलेला मजकूर अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. संगणकावर उतरवून इंटरनेट बंद ठेवून चालणारा कन्व्हर्टर घ्या.

एकदम सगळं न टाकता एक पान टाका आणि हे शब्द शोधा : कर्ज, वर्ष, खर्च, अर्ज, स्थिती, शेतकऱ्यांना. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो आणि पहिली वेलांटी अक्षराआधी. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर कच्चा असेल तर 'कर्ज'चं 'कजर्' होतं, 'वर्ष'चं 'वषर्', आणि 'स्थिती'ची वेलांटी 'स'च्या आधी लटकत राहते. सोसायटीच्या दप्तरात 'कर्ज' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हाला सांगायला नको. ही चूक सगळीकडे सारखीच होत असेल तर शोधा-बदला वापरून एका फटक्यात निघते.

'शेतकऱ्यांना' हा खास आपल्या भाषेचा प्रश्न आहे. हिंदीसाठी केलेले पुष्कळ कन्व्हर्टर त्याचं 'शेतकर्यांना' करतात. शिवाय हा 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो, एक खाली टिंब असलेल्या 'ऱ'नं आणि दुसरा साध्या 'र'पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. सगळ्या फाइलींत पहिलीच रीत ठेवा.

एक्सेलच्या याद्यांत फक्त नावांचे रकाने कन्व्हर्टरमधून काढा. आकड्यांचे रकाने तसेच ठेवून नुसता फॉन्ट बदला. कृतीदेवमध्ये टिंबाची कळ दाबली की अर्धा 'ण' उमटतो, म्हणून टायपिस्ट टिंबासाठी दुसरी कळ वापरत. त्यामुळे मजकुरात लिहिलेल्या रकमा आणि तारखा कागदी नोंदीशी एकेक ताडून घ्या, इथं घाई नको. फायदाही लगेच दिसतो : जुन्या फॉन्टमधली नावं एक्सेल इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावायचा, आता अ-आ-इ-ई च्या क्रमानं लागतील.

टायपिस्टचं म्हणणं मात्र समजून घ्या. त्यांची बोटं रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या, कळफलकावर बसलेली आहेत. युनिकोड म्हणजे नवा कळफलक शिकणं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही, रेमिंग्टन मांडणी तीच ठेवून युनिकोड उमटवणारे कळफलक मिळतात. नव्या माणसाला इनस्क्रिप्ट शिकवा, विंडोजमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की तो आपोआप येतो. छपाईसाठी मुक्ता, नोटो यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत. तालुक्याचा डीटीपीवाला अजून पेजमेकर वापरत असेल तर तुमचा युनिकोड मजकूर त्यात उघडणार नाही, त्याला तयार पीडीएफच द्या.

प्रश्न : पाठीवरच्या बॅटरी पंपाची बॅटरी उतरली. १२ व्होल्ट ८ एएच आहे. दुकानदार म्हणतो, कंपनीचीच घ्या, नाहीतर लिथियम बसवा. पऱ्हाटीवर दुसरी फवारणी तोंडावर आली आहे.
— एक कास्तकार, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कंपनीचीच घ्यायची गरज नाही. आधी बॅटरीच गेली आहे का ते पाहा. रात्रभर चार्ज करून तासभर तशीच ठेवा, मग मल्टिमीटर लावा. १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. आता मोटार सुरू करून पुन्हा पाहा. आकडा झटकन १०.५ च्या खाली गेला तर बॅटरी संपली. रात्रभरानंतरही १२ च्या वर चढलीच नाही तर चार्जरही तपासा. बॅटरी न जोडता त्याच्या टोकाला १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

बंद डब्याची १२ व्होल्ट ७ किंवा ८ एएच (अँपिअर-तास) शिसे-आम्ल बॅटरी कोणत्याही कंपनीची साधारण १५१ मिलिमीटर लांब, ६५ रुंद आणि ९४ उंच असते. यूपीएस दुरुस्त करणाऱ्याकडेही तीच मिळते. १२ एएचची लांबी तेवढीच, रुंदी मात्र ९८, त्यामुळे ८ च्या खणात ती बसत नाही. खण मोठा असला तरी वजन किलोभरानं वाढतं, दिवसभर पाठीवर ते जाणवतं. वायरीच्या चपट्या टोकांची रुंदी ४.८ मिलिमीटर की ६.३, एवढं पाहून घ्या.

लिथियम हलकी असते आणि टिकतेही जास्त, पण इथं सांधा बदलतो. ३ सेलची लिथियम-आयन जोडणी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. तुमचा जुना चार्जर १४ पर्यंत जातो. आतल्या संरक्षक पट्टीनं वेळेवर तोडलं तर ठीक, नाही तोडलं तर सेल फुगतात, पेटतात. घरात रात्री चार्जिंगला लावायची वस्तू आहे ही. ४ सेलची लिथियम-फॉस्फेट जोडणी १४.६ ला भरते, तिला तिचाच चार्जर लागतो. लिथियम घ्यायची तर फॉस्फेटची घ्या, चार्जरसकट घ्या, आणि जुना चार्जर त्याच दिवशी घरातून काढून टाका, कारण दोघांची पिन सारखी असते आणि घाईत कोणीतरी तोच लावतं. फवारणी तोंडावर असताना मात्र शिसे-आम्लच बसवा, दहा मिनिटांत काम होतं. मोटार साधारण २ ते ३ अँपिअर ओढते, तेव्हा नव्या ८ एएचवर तीनेक तास मिळतील.

हंगाम संपल्यावर पंप अर्धवट उतरलेल्या बॅटरीसकट माळ्यावर गेला तर पुढच्या जूनपर्यंत शिशाच्या पाट्यांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी वर येत नाही. दर दोन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्ज करा. जुनी बॅटरी भंगारात न टाकता दुकानदाराला परत द्या, बदल्यात पैसेही कमी होतात.

बॅटरी कोणाचीही चालेल, पण नळी, वॉशर आणि नोझल यांत जुगाड करू नका. दुसऱ्या कंपनीचा भाग सैल बसत असेल तर चिकटपट्टी किंवा एम-सील लावून भागवू नका, औषध पाठीवर गळतं. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले आहेत. जुना भाग सोबत नेऊन मापाचाच घ्या, आणि भरायच्या आधी एकदा साध्या पाण्यावर चालवून सगळे सांधे कोरडे राहतात का पाहा.

प्रश्न : संत्र्याच्या बागेतल्या ठिबकची काही नळी बदलायची आहे. दुसऱ्या कंपनीची १६ मिलिमीटरची आणली तर जुन्या जोडावरून निसटते. मापं एक असून असं का?
— एक बागायतदार, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : १६ हे बाहेरचं माप आहे. जोड आत शिरतो, आणि आतलं माप नळीच्या जाडीवर ठरतं. पातळ नळीचं आतलं छिद्र मोठं, त्यात जुना जोड सैल होतो, आणि उन्हाळ्यात दुपारी नळी मऊ पडली की निसटतो. दुकानात जाताना जुन्या नळीचा वीतभर तुकडा आणि एक जोड घेऊन जा, तिथंच बसवून पाहा. आधीच आणून झाली असेल तर बाहेरून नट आवळायचा जोड वापरा, तो जाडीतला फरक सांभाळतो. नळीवर आयएस १२७८६ आणि आत ड्रीपर असलेल्या नळीवर आयएस १३४८८ हा मानक क्रमांक छापलेला असावा.

कंपन्या मिसळल्या तरी चालतं, पण एका व्हॉल्व्हखाली ताशी २ लिटर आणि ४ लिटरचे ड्रीपर मिसळू नका. काही झाडं उपाशी राहतात आणि दोष खताला लागतो. फिल्टरचं उलट आहे : २ इंची आट्यांचा बाहेरचा सांधा सगळीकडे सारखा, आतल्या चकत्या मात्र ज्याच्या त्याच्या. म्हणून फिल्टर कोणाचाही घ्या, पण घेतानाच चकत्यांचा एक जादा संच घेऊन ठेवा.

प्रश्न : आमच्या वस्तीवर आमच्या कंपनीची रेंज येत नाही, दुसऱ्या कंपनीची येते. नंबर बदलला तर आधार, बँक सगळीकडे फिरावं लागेल.
— एक अंगणवाडी सेविका, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : नंबर बदलू नका, तोच घेऊन जा. इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', मग एक जागा सोडून तुमचा दहा अंकी नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. आठ अक्षर-अंकांचा संकेत येतो, तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तीन कामकाजाचे दिवस लागतात, आणि बदल होताना काही तास फोन बंद राहतो. संकेत मिळत नसेल तर कारण बहुधा यातलं एक : सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल बाकी आहे, किंवा गेल्या सात दिवसांत सिम हरवून नवं घेतलं आहे. शेवटचा नियम १ जुलै २०२४ पासून आहे आणि तो फसवणूक रोखण्यासाठी आहे. जुन्या सिमचा उरलेला रिचार्ज बुडतो, म्हणून मुदत संपत आली की अर्ज करा. त्याआधी शेजाऱ्याचा फोन घेऊन घराच्या आत आणि अंगणवाडीत प्रत्यक्ष लावून पाहा. अंगणात रेंज आहे म्हणजे खोलीत असेलच असं नाही.

प्रश्न : 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पैसे भरले. आता यादीतून पुरवठादार निवडायला सांगितलं आहे. सगळ्यांचं सारखंच असतं का? पुढं बदलता येतो का?
— एक शेतकरी, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : पुढं बदलता येईल हे धरून चालू नका. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी त्याच पुरवठादाराची आहे. हा खुंटा पक्का आहे, म्हणून तो निवडायला दोन दिवस गेले तरी चालतील.

पॅनेलची जाहिरात पाहून ठरवू नका. ३ एचपीला ३००० वॅट, ५ एचपीला ४८०० आणि साडेसात एचपीला ६७५० वॅट ही मापं ठरलेली आहेत. फरक सेवेत पडतो. तुमच्याच तालुक्यात त्या पुरवठादाराचे दोन वर्षं जुने पंप कुठे आहेत ते शोधा आणि त्या वावरात जाऊन विचारा : तक्रार कोणत्या तारखेला केली, माणूस कोणत्या तारखेला आला, पंप कधी सुरू झाला. पावसाळ्यात वीज पडून कंट्रोलर (पॅनेलची वीज मोटारीला जुळवून देणारा डबा) जळतो, त्या वेळचा अनुभव खास विचारा. तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात त्याचा मेकॅनिक राहतो का, तेही पाहा.

दुसरं, मोटार डीसी की एसी. डीसी मोटार तेवढ्याच पॅनेलवर थोडं जास्त पाणी देते, सकाळी लवकर उचलते. पण तिचा कंट्रोलर तिच्यासाठीच बनवलेला असतो. दोन्हींना तीनच वायरी दिसतात म्हणून दुसऱ्या कंपनीचा जोडला तर मोटार थरथरते, तापते किंवा फिरतच नाही. हमी संपल्यावर सहाव्या वर्षी तुम्ही त्याच कंपनीच्या दारात असता. एसी थ्री फेज मोटार तालुक्याचा रिवायंडिंगवाला भरून देतो, आणि मोटारीच्या पाटीवरचे व्होल्ट व पॅनेलच्या माळेचे व्होल्ट जुळत असतील तर दुसऱ्या कंपनीचा सौर ड्राइव्हही (एसी मोटारीचा कंट्रोलर) चालतो. विहिरीला पाणी वर असेल आणि गाव आडवाटेला असेल तर आम्ही एसी घ्यायला सांगू, थोडं पाणी कमी मिळालं तरी. सेवा खरोखर चांगली असल्याचं चार वावरांत दिसलं तर डीसी घ्यायला हरकत नाही.

तिसरं, हेड. पंप ३०, ५०, ७० मीटर अशा उंचीच्या हिशेबानं येतात. मे महिन्यात पाणी किती खोल जातं आणि तिथून वर टाकीपर्यंत किती चढ आहे हे मोजून लेखी द्या. पावसाळ्यात पाहणी झाली की पाणी वर दिसतं, कमी हेडचा पंप बसतो आणि एप्रिलमध्ये ऐन गरजेच्या वेळी धार तुटते.

बसवताना समोर उभे राहा. अर्थिंग आणि पडणाऱ्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक लावल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नका. मोटार, कंट्रोलर आणि प्रत्येक पॅनेलच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. पाच वर्षांच्या आत बाहेरच्या माणसाला कंट्रोलर उघडू देऊ नका, त्या एका कारणावरून हमी नाकारता येते. आणि पॅनेलच्या माळेचा प्लग ऊन असताना, पंप चालू असताना कधीही ओढू नका. तिथं शेकडो व्होल्टचा डीसी प्रवाह असतो, त्याची ठिणगी घरच्या विजेसारखी आपोआप विझत नाही. आधी कंट्रोलर बंद, मग मधला स्विच बंद, मगच हात लावायचा, हे घरातल्या सगळ्यांना आणि सालदारालाही दाखवून ठेवा.